आजची चौकट रिकामी का?

[दृश्य : पैठण. गोदावरीचा घाट, सकाळ]

नाथांचं हे गाव. सोळाव्या शतकात एकनाथांनी हिंदू-तुर्क संवाद लिहिला. दोघंही एकमेकांच्या देवांवर, चालीरीतींवर तुटून पडतात. टिंगलीत कुणी कुणाला ऐकत नाही. आणि भांडून भांडून शेवटी एकमेकांना मिठी मारतात. हाच संवाद आज कुणी तीन चौकटींच्या चित्रात काढून वर्तमानपत्राकडं पाठवला, तर छापून येईल?

[दृश्य : वर्तमानपत्राचं कार्यालय, रात्र]

छत्रपती संभाजीनगर. डाक आवृत्तीची पानं आधी सोडावी लागतात. हिंगोली, नांदेड, उदगीरचे गठ्ठे लांब जायचे असतात. खाली कोपऱ्यात व्यंगचित्राची पट्टी आहे. बातमीचा मथळा चारदा वाचला जातो. पट्टी जागेत बसली का, एवढंच बघतात. खरी चूक इथं होते.

9 ऑगस्ट 2016. कोपर्डीत एका मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. त्यानंतरचा पहिला मराठा मूक मोर्चा याच शहरात निघाला. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. पुढच्याच महिन्यात 'सामना'च्या पुरवणीत व्यंगचित्र आलं : 'मुका मोर्चा'. दीर्घ ऊकार ऱ्हस्व झाला, पुढं एक काना लागला, आणि लोकांच्या काळजाला घर पडलं. कार्यालयांवर हल्ले झाले. 'सामना' शिवसेनेचं मुखपत्र; तिच्या पक्षप्रमुखांनी माफी मागितली.

दगडफेकीचं समर्थन आम्ही करणार नाही. पण ज्या मोर्चाच्या मुळाशी एका लेकीचा जीव गेलाय, त्यावर असली कोटी रात्रपाळीत कुणाला तरी खटकायलाच हवी होती. ते चित्र थांबवणं म्हणजे गळचेपी नव्हे. ते संपादकाचं कामच आहे.

आता दुसरं चित्र बघा. डिसेंबर 1975, आणीबाणी. 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अबू अब्राहम यांनी राष्ट्रपतींना बाथटबमध्ये बसवलं. तिथूनच ते अध्यादेशावर सही करून कागद बाहेर देतायत. आणखी असतील तर जरा थांबायला सांगा, म्हणतायत. हेही झोंबणारंच. पण इथं हसू आलं ते सत्तेचं. अशा चित्राला कात्री लावायचा हक्क कुणालाच नाही, संपादकालाही नाही.

मराठवाड्याला बंदी नवी नाही. आ. कृ. वाघमारे यांच्या 'मराठवाडा' साप्ताहिकावर निजामानं बंदी घातली, तेव्हा ते नाव बदलून निघत राहिलं. ती बंदी उघड होती. वाचकाला ठाऊक होतं कोण अडवतंय ते. आता एक फोन येतो, जाहिरातीचा विषय निघतो, आणि पट्टीच्या जागी मंगल कार्यालयाची जाहिरात बसते. वाचकाला पत्ता नाही. चित्रकाराला कळतं, तेही सकाळी अंक हातात पडल्यावर.

आमचं मागणं एवढंच. चित्र वगळलं, तर त्याच चौकटीत दोन ओळी छापा : आजचं चित्र घेतलं नाही, कारण हे. खाली संपादकाचं नाव. मग वाचक भांडेल, पत्र लिहील. भांडू द्या त्याला.

[दृश्य : परभणी बसस्थानक, पहाट]

गठ्ठ्याची सुतळी तुटली. विक्रेता मांडी घालून अंकात पुरवण्या भरतोय. अजून पुरतं उजाडलेलं नाही. चहाच्या गाड्यावर एकानं अंक उघडला, आणि सरळ शेवटच्या पानाचा खालचा कोपरा गाठला.