ब्वा द बुलोन्यमधील पहिली शर्यत

9 सप्टेंबर 1945, रविवार. जपानने शरणागतीच्या कागदांवर सह्या केल्याला नेमका एक आठवडा झाला होता. पॅरिसच्या पश्चिमेला असलेल्या ब्वा द बुलोन्य या वनोद्यानात, जिथे एरवी लोक सहकुटुंब फेरफटका मारायला येत, त्या दिवशी महायुद्धानंतरची युरोपातील पहिली मोठी मोटार शर्यत होणार होती. शर्यतीसाठी वेगळा मार्ग बांधलेला नव्हता. उद्यानातील झाडांमधून जाणारे नेहमीचेच रस्ते वाहतुकीसाठी बंद करून तीन किलोमीटरांहून थोडी कमी लांबीची एक फेरी आखण्यात आली होती. पेट्रोल शिधापत्रिकेवर मिळत होते आणि नव्या टायरांची चणचण होती. चालकांनी आणलेल्या गाड्याही जुन्याच, युद्धाच्या आधी बनलेल्या आणि सहा वर्षे कुठेकुठे लपवून ठेवलेल्या होत्या.

याच उद्यानातील मोठ्या धबधब्यापाशी, 16 ऑगस्ट 1944 च्या रात्री, पॅरिस मुक्त होण्यास अवघे नऊ दिवस उरले असताना, जर्मनांनी प्रतिकार चळवळीतील 35 तरुणांना गोळ्या घातल्या होत्या. ही शर्यत कुठे झाली हे सांगताना तो धबधबा वगळून चालणार नाही.

त्या दिवशी एकूण तीन शर्यती झाल्या आणि त्यांची नावेच त्या दिवसाविषयी सर्वाधिक बोलतात. लहान इंजिनांच्या गाड्यांसाठी रोबेर बनुआ चषक होता. तो आमेदे गोर्दिनी यांनी जिंकला. मधल्या गटासाठीचा मुक्ती चषक मासेराती चालवणाऱ्या आंरी लुव्हो यांना मिळाला. सर्वांत शक्तिशाली गाड्यांच्या शर्यतीला युद्धकैद्यांचा चषक असे नाव होते. 1940 च्या पराभवात सुमारे 18 लाख फ्रेंच सैनिक जर्मनांच्या हाती सापडले होते, आणि त्यांतील असंख्य जण पाच वर्षांच्या कैदेनंतर त्याच वसंतात घरी परतले होते.

आणि रोबेर बनुआ? 1927 साली दलाज गाडीतून फ्रान्स, स्पेन, इटली आणि ब्रिटन या चारही देशांच्या ग्रां प्री, म्हणजे त्या काळच्या सर्वांत मानाच्या मोटार शर्यती, जिंकणारे हे चालक. युद्धकाळात ते ब्रिटिशांच्या गुप्त कारवाया करणाऱ्या संघटनेसाठी काम करू लागले. त्यांच्या सोबत होते 1929 ची पहिली मोनॅको ग्रां प्री जिंकणारे विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स आणि ज्याँ-पिएर विमिय. तिघेही बुगाती कंपनीच्या गाड्यांचे चालक, एकमेकांचे जुने सोबती. ग्रोव्हर-विल्यम्स 1943 मध्ये पकडले गेले आणि त्यांना साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत नेण्यात आले. तेथून ते परतले नाहीत. बनुआ यांना जून 1944 मध्ये अटक झाली आणि सप्टेंबरमध्ये बूखनवाल्ड छावणीत त्यांना ठार मारण्यात आले. विमिय मात्र छापा पडला तेव्हा घराजवळच्या ओढ्याच्या पाण्यात दडून राहिले आणि वाचले.

मित्राच्या मृत्यूला जेमतेम वर्ष झाले असताना, हेच विमिय युद्धकैद्यांच्या चषकासाठी उतरले. त्या वेळी ते फ्रेंच वायुदलात सेवेत होते. पॅरिसला पोहोचण्यास त्यांना उशीर झाला, सराव करता आला नाही, आणि त्यामुळे सर्वांच्या मागून सुरुवात करावी लागली. त्यांच्या हाती होती 4.7 लिटरची, एका रांगेत आठ सिलिंडर असलेली, इंजिनात जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा सुपरचार्जर जोडलेली एकासनी बुगाती. पुढे असलेल्या गाड्या एकेक करून मागे टाकत त्यांनी शर्यत जिंकली. रेमों सोमेर तालबो गाडीतून दुसरे आले. ज्या दिवशी बनुआ यांच्या नावाचा चषक दिला गेला, त्याच दिवशी त्यांचा जिवंत राहिलेला सोबती बुगाती चालवून जिंकला, यापेक्षा मोठी श्रद्धांजली मला तरी सुचत नाही.

त्या दिवसाची एक गंमतही फ्रान्समध्ये पुढे कित्येक वर्षे सांगितली गेली. मॉरिस त्रँतिन्याँ यांनी आणलेल्या बुगातीत त्यांचे थोरले बंधू लुई 1933 साली मरण पावले होते. मॉरिस यांनी ती गाडी नंतर परत मिळवली आणि युद्धकाळात एका कोठारात लपवून ठेवली. मुक्ती चषकाच्या शर्यतीत तिचे इंजिन पेट्रोलअभावी बंद पडले. टाकीत उंदरांनी घर केले होते आणि त्यांच्या लेंड्या गाळणीत अडकून पेट्रोलची वाट बंद झाली होती. कारण कळताच विमिय खळखळून हसले, आणि लेंड्यांसाठी असलेल्या दक्षिण फ्रान्सच्या बोलीतील शब्दावरून त्रँतिन्याँ यांना 'पेतुले' हे नाव कायमचे चिकटले. पुढे 1955 आणि 1958 साली मोनॅको ग्रां प्री जिंकणाऱ्या त्रँतिन्याँ यांनी स्वतःच्या द्राक्षमळ्यातील वाइनलाही तेच नाव दिले.

विमिय यांनी 1948 मध्ये आल्फा रोमिओसाठी फ्रान्स आणि इटली या दोन्ही ग्रां प्री जिंकल्या. 28 जानेवारी 1949 रोजी ब्वेनोस आइरेसच्या पालेर्मो उद्यानात, तिथल्याही रस्त्यांवर तात्पुरत्या आखलेल्या मार्गावर, सराव करताना अपघातात त्यांचा मृत्यू झाला. पॅरिसच्या पासी दफनभूमीत त्यांची समाधी आहे आणि ब्वा द बुलोन्यच्या कडेला, पोर्त दोफिन या चौकात, त्यांचे स्मारक उभे आहे.