बर्फ नाही ओ काकू, इथं ऊन आहे!

हा आवाज ऐकताय ना, गाढव ओरडल्यासारखा, तो समोरच्या त्या जेमतेम दोन फूट उंचीच्या पेंग्विनचा आहे. आपण आहोत दक्षिण आफ्रिकेत, केप टाऊनजवळ सायमन्स टाऊनच्या बोल्डर्स बीचवर. टेबल माउंटन नॅशनल पार्कचाच भाग आहे हा, तिकीट काढायचं आणि या बाजूला लाकडी पुलावरनंच चालायचं, वाळूत उतरायचं नाही.

"बर्फ कुठंय?" आमच्या सोलापूरच्या ग्रुपमधल्या काकूंनी विचारलंच. बर्फ नाही ओ काकू, हे आफ्रिकन पेंग्विन, उन्हातलेच. डोळ्याच्या वर ती गुलाबी कातडी दिसतीय बघा, तिथं पिसं नसतात, अंग तापलं की रक्त तिकडं जास्त धावतं आणि उष्णता बाहेर पडते. मे महिन्यात आपल्याला पण अशी सोय पाहिजे होती, काय?

1982 साली इथं फक्त दोन जोड्या आल्या होत्या, पुढं वाढत वाढत हजारांच्या वर गेले.

आता कॅमेरा जरा त्या कडेच्याकडं. पिसं विस्कटलेली, कुठं जुना पुंजका लोंबतोय तर कुठं खालनं नवीन पीस चमकतंय, आणि साहेब नुसते उभेत. आजारी नाही बरं का, पिसं बदलायचं चाललंय. वर्षातनं एकदा तीनेक आठवडे असं, अंगावरचं वॉटरप्रूफ कव्हरच गेल्यामुळं पाण्यात जाता येत नाही आणि पाण्यात नाही म्हणजे मासा नाही, कडक उपास. म्हणून आधीच सार्डिन आणि अँकोव्ही खाऊन चरबी साठवायची असते, आणि खरी गोची तिथंच झालीय, कारण तेच मासे मोठ्या जाळ्यांच्या बोटी पण उचलतात आणि समुद्र बदलला तसे मासे लांब पण सरकलेत. पोट भरलं नाही तर हा उपास निभत नाही, संपला विषय.

घरट्यांचं पण तसंच. विष्ठेच्या जाड थरात बिळं करून राहायचे हे, ते थर माणसानं शेताला खत म्हणून खरडून नेले. आता लोक त्यांना तयार घरटी ठेवतात.

2024 ला हा पक्षी अतिसंकटग्रस्त यादीत गेला, म्हणजे आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोकाच्या शेजारी. फरक एवढाच की नान्नजला दुर्बीण लावून डोळे दुखले तरी माळढोक दिसत नाही, आणि इथं हे हाताच्या अंतरावर बसून पोज देतात, त्यामुळं बघणाऱ्याला वाटतं भरपूर आहेत की! उरल्यात दहा हजारांच्या आत जोड्या, सगळ्या मिळून. मला तर ह्या जवळ दिसण्याचीच जास्त भीती वाटते, माळढोक गायब झाला ते निदान आपल्याला कळलं तरी.

मार्च 2025 मध्ये मात्र कोर्टात तोडगा निघाला, सहा मोठ्या वसाहतींभोवती दहा वर्षं त्या बोटींना सार्डिन-अँकोव्ही पकडायला बंदी. आधी झालं असतं तर बरं झालं असतं, पण असो.

आणि हो, निघताना गाडी सुरू करायच्या आधी खाली वाकून बघा, तसे बोर्डच लावलेत इथं, सावलीला चाकापाशी येऊन बसतात हे. काकूंनी दोन्ही बाजूंनी बघितलं, ड्रायव्हरला "चल की आता" म्हणाल्या, आणि आम्ही निघालो बेटीज बेच्या स्टोनी पॉइंटला. तिथं पूर्वी व्हेल कापायचा कारखाना होता, आता पेंग्विनची वसाहत आहे, ते पुढच्या भागात.