ठेक्यावरचा सोंगाड्या

[दृश्य: हनुमान जयंती. गावचं मारुतीचं देऊळ, खांबाला बांधलेला कर्णा.]

हनुमान जयंतीला महाराष्ट्रातल्या गावागावांत ‘अंजनीच्या सुता’ वाजतं. महेंद्र कपूर यांचा तो चढा आवाज कानावर आला, की म्हातारी माणसंही मांडीवर ताल धरतात. हे गाणं 1976 सालच्या ‘तुमचं आमचं जमलं’ या चित्रपटातलं आहे, हे नारळ फोडणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल? आणि ते लिहिलंय कुणी, तर ज्यांच्या संवादांनी सेन्सॉर बोर्डाला घाम फोडला, त्या दादा कोंडके यांनी.

दादांचं नाव काढा. लोक आधी हसतात, मग आजूबाजूला कोण बसलंय ते बघतात. ‘द्वयर्थी’ हा शिक्का एवढा घट्ट बसला, की त्याच्याखाली बाकीचा माणूस झाकून गेला. हा माणूस अभिनेता होण्याआधी बँडमध्ये होता. त्याचा विनोद समजून घ्यायचा, तर आधी त्याचा कान समजून घ्यायला हवा.

[दृश्य: गिरणगावातल्या चाळी, जिने, गिरण्यांची जुनी धुराडी.]

दादा, म्हणजे कृष्णा कोंडके, यांचा जन्म 8 ऑगस्ट 1932 चा, मुंबईत नायगावचा. घराणं मूळचं भोरजवळच्या इंगवली गावचं. आसपास सगळी गिरणी कामगारांची वस्ती. घाट, कोकण, देश, सगळीकडची बोली एकाच नळावर भांडत असायची. दादांच्या तोंडी पुढे जी गावरान भाषा आली, तिचं शिक्षण असं मुंबईच्या मध्यावर झालं.

‘अपना बाजार’ या सहकारी दुकानात त्यांनी नोकरी केली. वस्तीतल्या बँडमध्ये ते वाजवत. राष्ट्र सेवा दलाच्या सांस्कृतिक कार्यक्रमांतही रमले. तरुणपणीच घरातली जवळची माणसं एकामागून एक गेली. त्या दुःखाचं त्यांनी भांडवल केलं नाही, आपणही इथे फार थांबू नये.

[ध्वनी: ढोलकी, तुणतुणं. थोडा वेळ फक्त वाद्यं.]

आता लोकनाट्य. गण म्हणजे गणेशवंदना झाली, कृष्ण-गवळणींची गवळण झाली, मग विनोदी जुगलबंदीची बतावणी आणि शेवटी वग, म्हणजे मुख्य नाट्य. या सगळ्यात सोंगाड्याला, म्हणजे हसवणाऱ्या नटाला, लिहून दिलेलं फारसं काही नसतं. शाहीर सरळ प्रश्न विचारतो, सोंगाड्या वाकडं उत्तर देतो. दोघांच्या मध्ये असतो ढोलकीवाला. वाक्य कुठे तोडायचं, हशा किती वाढू द्यायचा, पुढचा टोला कधी हाणायचा, हे सोंगाड्या आणि ढोलकीवाला नजरेनं ठरवतात. एक मात्रा चुकली की विनोद पडला. शाळेत न शिकवता येणारं हे गणित दादांच्या अंगात होतं.

त्यांना हवा होता स्वतःच्या पद्धतीनं खेळवता येईल असा वग. तो लेखक वसंत सबनिसांनी दिला. ‘विच्छा माझी पुरी करा’ 1965 साली रंगमंचावर आलं आणि त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. सांगाडा सबनिसांचा, पण प्रयोग रोज नवा. सकाळच्या पेपरातली बातमी रात्री वगात यायची. राजा आणि कोतवालाच्या आडून सत्ताधाऱ्यांची टर उडवली जायची. पोटार्थी तमासगिरांची कला म्हणून ज्याकडे नाक मुरडलं जायचं, ते बघायला शहरातला पांढरपेशा प्रेक्षक तिकीट काढून येऊ लागला. त्यात दादांचा वाटा मोठा.

आशा भोसले यांनी हे लोकनाट्य पाहिलं आणि चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांकडे दादांचं नाव काढलं. 1969 साली भालजींच्या ‘तांबडी माती’तून दादा पडद्यावर आले. पण तो चित्रपट भालजींचा होता. दादांचा चित्रपट आला 1971 मध्ये, ‘सोंगाड्या’.

[दृश्य: दादरचा आजचा रस्ता. मागे पावलांचा आणि गाड्यांचा गजबजाट.]

तमाशाच्या नादी लागलेला भोळा नाम्या, त्याला घराबाहेर काढणारी आई, आणि त्याला फडात जागा देणारी कलावती. गोष्ट सबनिसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचं, संगीत राम कदम यांचं. दादरच्या कोहिनूर थिएटरनं देव आनंदच्या हिंदी चित्रपटासाठी ‘सोंगाड्या’ला दार बंद केलं. दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले, शिवसैनिक थिएटरवर गेले आणि चित्रपट लागला. पुढे हा किस्सा मराठी अस्मितेच्या भाषणांत इतका वापरला गेला, की चित्रपट चांगला होता म्हणून लोक पुन्हा पुन्हा आले, ही साधी गोष्ट मागे पडली.

नाम्याला बघा. ढगळ अर्धी चड्डी, खाली लोंबणारी नाडी, चेहऱ्यावर सदा भांबावलेपण. मोठमोठ्यानं हातवारे नाहीत. बाई समोर आली की हाच पठ्ठ्या लाजतो. दादांचं सगळं तंत्र इथे आहे. वाक्याचा पहिला अर्थ अगदी घरगुती. तो ते निरागसपणे बोलतात आणि थांबतात. त्या रिकाम्या मात्रेत प्रेक्षक दुसरा अर्थ स्वतः भरतो, आणि हसतोही स्वतःलाच. सेन्सॉरनं कात्री लावायची कशाला? कागदावर तर काहीच नाही.

हे कौतुक सरसकट नाही. पुढच्या काही चित्रपटांत त्या जागा हातच्या मळासारख्या सुटू लागल्या, आणि नायिका फक्त विनोदाचं निमित्त उरली. उषा चव्हाण समोर असताना तसं होत नसे. त्या उलट उत्तर देत, सवाल-जवाब रंगत असे. तोल राहायचा तो त्यांच्यामुळे.

[ध्वनी: अकॉर्डियनची एक लकेर, मग ढोलकी मिसळते.]

‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, ‘पांडू हवालदार’, ‘राम राम गंगाराम’... सलग नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी, म्हणजे प्रत्येक निदान 25 आठवडे. गिनेस बुकात त्याची नोंद झाली. 1975 च्या ‘पांडू हवालदार’चं दिग्दर्शन त्यांनी स्वतः केलं. त्यात अशोक सराफ नावाच्या तरुण नटाला इतकी मोकळी जागा दिली, की तो त्यातूनच घराघरांत पोहोचला. आणि संगीतासाठी नवी जोडी घेतली, राम-लक्ष्मण. दोघांपैकी राम लवकर गेले. लक्ष्मण, म्हणजे विजय पाटील, यांनी जोडीदाराचं नाव आपल्या नावापुढे आयुष्यभर ठेवलं. ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’ची गाणी त्यांचीच. राजश्री या निर्मितीसंस्थेच्या त्या गोडगोड गाण्यांचा रस्ता दादांच्या चित्रपटातून गेला, हे ऐकून आजही अनेकांच्या भुवया वर जातात.

गाणी बहुतेक दादा स्वतः लिहीत. ‘ढगाला लागली कळ’ घ्या. कागदावर वाचलं तर हाती फारसं लागत नाही. शब्दांची निवड अर्थासाठी कमी आणि आघातासाठी जास्त आहे. वाजवणारा माणूस गाणं लिहितो ते असं.

हिंदीत त्यांनी चार-पाच चित्रपट केले. पहिला ‘तेरे मेरे बीच में’, 1984 सालचा. मराठीतली जादू तिथे उतरली नाही, कारण हिंदीत द्वयर्थ आला, पण बोली आली नाही. नव्वदीत मराठीतही काळ बदलला होता. 14 मार्च 1998 ला मुंबईत दादा गेले.

2019 मध्ये ‘ड्रीम गर्ल’ या हिंदी चित्रपटात ‘ढगाला लागली’ नव्या साजात आलं. दिल्ली-लखनौच्या लग्नांतली पोरं त्यावर नाचली. ‘कळ’ म्हणजे काय, हे त्यांनी कुणाला विचारलंही नसेल.