मुलींच्या खेळात मुलगे कसे?

(७ सप्टेंबर २०२४, गणेश चतुर्थी. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या मंडळाच्या मेळाव्यातल्या भाषणाचा संपादित मजकूर.)

गणपती बाप्पा मोरया!

मंडळी, आतून मोदकांचा वास येतोय आणि आरतीला अजून अर्धा तास आहे, तरी तुम्ही सगळे जागा धरून बसला आहात, त्याबद्दल मनापासून आभार. मला सांगितलं होतं, मुलांच्या खेळांबद्दल काहीतरी बोल. गेला महिनाभर माझ्या डोक्यात एकच वाक्य घोळतंय, तेव्हा त्याबद्दलच बोलते.

८ ऑगस्टची सकाळ. पॅरिस ऑलिंपिकमधली पुरुषांच्या हॉकीची ब्राँझची मॅच, भारत आणि स्पेन. इथले आठ वाजले होते. माझे सासरे सध्या आमच्याकडे आहेत. ते अंघोळ उरकून, कपाळाला गंध लावून टीव्हीसमोर बसले होते. हरमनप्रीतचे दोन गोल झाले, २-१ अशी आघाडी झाली, श्रीजेशची शेवटची मॅच, आणि आम्ही सगळे श्वास धरून बसलेलो. धाकटी सिरियलचा बाउल घेऊन आली. अकरा वर्षांची आहे, मागच्या वर्षीपासून हॉकी खेळते. दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, हे मुलगे मुलींचा गेम का खेळतायत?"

आजोबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ते म्हणाले, "अगं, हा ध्यानचंदांचा खेळ आहे!" तिनं विचारलं, "ते कोण?" त्यावरून घरात जे सुरू झालं ते जेवणापर्यंत चाललं. आजोबा नवऱ्याला बोलले, तुम्ही पोरांना काही सांगतच नाही. नवरा मला बोलला. मी कुणालाच काही बोलले नाही, कारण मला तिच्या वाक्याचा राग येत नव्हता, हसूही येत नव्हतं. काहीतरी आत हललं होतं खरं.

तिचं काय चुकलं सांगा? तिनं या देशात हॉकी खेळताना फक्त मुलीच बघितल्या आहेत. १९०१ साली कॉन्स्टन्स ॲपलबी नावाच्या इंग्लंडच्या बाई इथे आल्या, हार्वर्डला त्यांनी हा खेळ करून दाखवला आणि मग मुलींच्या कॉलेजांमधून फिरून शिकवला. तेव्हापासून इथे हॉकी मुलींचीच. स्कर्ट, डोळ्यांना गॉगल, दातांना गार्ड. १९७२ साली टायटल नाइनचा कायदा आला, कॉलेजांना मुलींच्या खेळाला मुलांच्या बरोबरीनं वाव देणं भाग पडलं, आणि या खेळाला मैदानं मिळाली, कोच मिळाले, शिष्यवृत्त्या मिळाल्या. तिच्या जगात हॉकी म्हणजे बायकांचंच राज्य.

आणि मी खडकीची. माझ्या जगात हॉकी म्हणजे मुरमाचं मैदान, फॅक्टरीचा भोंगा, आणि भोंगा झाला की काठ्या घेऊन पळणारी मुलं. आम्ही मुली गोलच्या मागे उभ्या राहायचो. चेंडू बाहेर गेला की आणून द्यायचा, एवढंच आमचं काम. धनराज पिल्ले आमच्याच खडकीचा, हे आम्ही आजही अभिमानानं सांगतो. पण तुम्हाला एक विचारते. ८२ ची दिल्लीची एशियाड आठवते ना? पुरुषांची फायनल, पाकिस्तानकडून ७-१? बघा, किती जणांनी मान हलवली. बेचाळीस वर्षं झाली, तो आकडा आपल्याला पाठ आहे. त्याच एशियाडमध्ये पहिल्यांदाच बायकांची हॉकी होती आणि आपण सोनं जिंकलो होतो. कप्तान एलायझा नेल्सन, पुण्यात जन्मलेली. आठवतंय कुणाला? मलाही नव्हतं आठवत. परवा सासऱ्यांशी वाद घालताना शोधलं तेव्हा कळलं, आणि मी त्या वेळी पुण्यातच राहत होते.

आता इथलं सांगते, कारण यासाठी तुम्हाला थोडं रागवायचं आहे. आपल्यातल्या निम्म्या घरांत टार हील्सचे, म्हणजे नॉर्थ कॅरोलायना युनिव्हर्सिटीच्या संघांचे, हुडी आहेत. बास्केटबॉलची तिकिटं कुणाला मिळाली, पार्किंग कुठे करायचं, यावर व्हॉट्सॲप ग्रुप पेटतो. त्याच चॅपल हिलमध्ये, आपल्यापासून पंचवीस मिनिटांवर, त्याच युनिव्हर्सिटीचं हॉकीचं कॅरन शेल्टन स्टेडियम आहे. आपण इथे वीस-वीस वर्षं राहतो, आणि तिथे गेलेले किती? मी स्वतः गेल्या वर्षी पहिल्यांदा गेले.

या शेल्टनबाई १९८१ साली नॉर्थ कॅरोलायनाच्या कोच झाल्या आणि २०२२ पर्यंत राहिल्या. बेचाळीस हंगाम. सातशेहून जास्त विजय आणि देशाची दहा विजेतेपदं, पहिलं १९८९ मध्ये. त्या कोच असतानाच स्टेडियमला त्यांचं नाव दिलं. त्या स्वतः खेळाडू होत्या, अमेरिकेच्या संघात. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये बायकांची हॉकी पहिल्यांदा आली आणि नेमका अमेरिकेनं बहिष्कार टाकला. आपल्या मुली गेल्या, एलायझा नेल्सनही त्यात होती, आणि चौथ्या आल्या. चार वर्षांनी लॉस एंजेलिसला शेल्टन खेळल्या. ती गोष्ट मला फार आवडते. अमेरिकेच्या मॅचेस संपलेल्या, मुली प्रेक्षकांत बसून ऑस्ट्रेलियाची मॅच बघत होत्या. ती मॅच अशी संपली की ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका गुणांवर बरोबरीत. लगेच पेनल्टी स्ट्रोक. त्या मुली बाकांवरून उठून खाली मैदानात उतरल्या आणि ब्राँझ घेऊन गेल्या. आपल्या मुली मॉस्कोनंतर थेट २०१६ ला रिओत. छत्तीस वर्षं! टोकियोत पुन्हा चौथ्या, आणि यंदा पॅरिसला पात्रच ठरल्या नाहीत. म्हणजे ८ ऑगस्टला धाकटीनं "आपल्या मुली कुठेयत?" असं विचारलं असतं तरी माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं.

आपली कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांच्या संघांची लीग, एसीसी. १९८३ पासून तिथे हॉकीचं विजेतेपद खेळलं जातं. पहिलं नॉर्थ कॅरोलायनाचंच. पण एकट्या त्यांचीच मिरास नाही हं. आपल्याच राज्यातल्या वेक फॉरेस्टनं २००२, २००३, २००४ अशी सलग तीन वर्षं देश जिंकला. मेरीलँडची आणि आपल्या नॉर्थ कॅरोलायनाची तर भाऊबंदकीच. २००९ ला मेरीलँड एकही मॅच न हरता फायनलला आली. २-२ अशी बरोबरी, आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत आपला गोल. ३-२. पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोघे फायनलला, जादा वेळ, आणि मेरीलँड ३-२. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच दोघे, पुन्हा जादा वेळ, पुन्हा मेरीलँड ३-२! इथे जादा वेळेत अकराच्या जागी सात-सातच खेळतात आणि पहिला गोल होईल तो जिंकला. तेवढ्या मोठ्या मैदानात सात मुली. जीव जातो बघताना. मेरीलँड पुढे दुसऱ्या कॉन्फरन्सला गेली, पण जुने लोक अजून त्या मॅचेसबद्दल बोलतात. २०१५ ला सिरॅक्यूजनं आपल्याला ४-२ नं हरवलं, आणि त्या युनिव्हर्सिटीच्या इतिहासात कुठल्याही खेळात मुलींनी मिळवलेलं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद होतं.

आणि मग आपल्या संघातली एरिन मॅटसन. २०२२ ची फायनल, नॉर्थवेस्टर्नशी १-१, दीड मिनिटही उरलं नव्हतं, आणि तिनं गोल मारला. शेल्टनबाईंचं ते शेवटचं वर्ष. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त झाल्या, आणि या बावीस वर्षांच्या मुलीनं जाऊन सांगितलं की ती जागा मला हवी आहे. आपल्यातली बावीस वर्षांची मुलगी असं म्हणाली असती तर आपण काय म्हणालो असतो, ते मनात म्हणून बघा. युनिव्हर्सिटीनं तिला नेमलं. कालपर्यंत मुली जिच्याबरोबर पास खेळत होत्या, ती आज कोच!

१९ नोव्हेंबर २०२३. आदल्या दिवशी आपला दिवाळीचा कार्यक्रम होता, आवराआवर करून घरी यायला मध्यरात्र झाली. दुसऱ्या दिवशी धाकटीनं अक्षरशः ओढत नेलं. फायनल चॅपल हिललाच होती. मॅचआधी मैदानावर पाण्याचे फवारे सोडतात, चेंडू घसरून पळावा म्हणून. ते पाणी उन्हात चमकत होतं, आणि मुली धावायला लागल्या की प्रत्येक पावलाबरोबर पाणी उडायचं. मला खडकीचा मुरूम आठवला. तिथे पडलं की गुडघ्यात खडे रुतायचे.

१-१. जादा वेळ, पुन्हा जादा वेळ, तरी १-१. मग शूटआउट. एक मुलगी, समोर गोलकीपर, हातात काही सेकंद. धाकटीनं माझं मनगट असं धरलं होतं की बांगडीचा वण उठला. आपल्या रायली हेकनं शेवटचा गोल केला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. तेवीस वर्षांची कोच मैदानात धावत होती. आमच्या मागच्या रांगेत एक आजोबा होते, गोरे, सत्तरीचे. ते रडत होते. कुणाची आजोबागिरी करायला आले होते की काय म्हणून मी विचारलं, नात खेळते का? म्हणाले, नाही, आम्ही पहिल्यापासून येतो.

आम्ही पहिल्यापासून येतो. मंडळी, आपल्यातलं असं कोण म्हणू शकेल? आपल्या क्रीडादिनाला मुलांचं क्रिकेट असतं, आणि मुलींसाठी अजून लिंबू-चमचा. गेल्या वर्षी थ्रोबॉल ठेवला, तर आया म्हणाल्या, ऊन फार आहे, काळ्या पडतील. हे इथे, नॉर्थ कॅरोलायनात, २०२३ साली. आपल्या गावाकडे, साताऱ्याच्या फलटण तालुक्यातल्या आसू गावची वैष्णवी फाळके भारताच्या संघात खेळते. तिला ऊन लागलं नसेल का?

आपणच असे आहोत, असंही नाही. आजच्याच तारखेला, ७ सप्टेंबर २०१९ ला, ओहायोत केंट स्टेटच्या मैदानावर मेन आणि टेम्पल या दोन युनिव्हर्सिटींच्या मुली खेळत होत्या. आपल्या कॉन्फरन्सच्या नव्हेत. ०-० बरोबरी, जादा वेळ चाललेला. तो खेळ मध्येच थांबवला. कारण शेजारी दुपारी मुलांच्या फुटबॉलची मॅच होती आणि तिचे फटाके उडवायची तयारी करायची होती. युनिव्हर्सिटीनं नंतर माफी मागितली. पण त्या मुलींना मैदान सोडून जावं लागलं. धाकटीला मी हे अजून सांगितलेलं नाही. तिच्या या बायकांच्या राज्यातही असं होतं, हे तिला कळायचंय.

आता मूळ मुद्द्यावर येते. त्या ८ ऑगस्टच्या रात्री झोपायच्या आधी तिनं मला विचारलं, "इंडियात मुलगे खेळतात तर तू का नाही खेळलीस?" मी म्हटलं, "आमच्याकडे मुलींची टीम नव्हती."

मी खोटं बोलले. होती टीम. आठवीत पी.टी.च्या बाईंनी काढली होती. अकरा मुली जमायला पंधरा दिवस लागले आणि काठ्या सहाच होत्या. माझ्या वाट्याच्या काठीची मूठ उसवलेली, तिला मी आईच्या जुन्या परकराची पट्टी गुंडाळली होती, निळी. तीन महिने खेळले. मग एक दिवस आई तव्यावरची पोळी माझ्या ताटात टाकता टाकता म्हणाली, "पुरे झालं गं आता. दहावी काही लांब नाही." रागावली नाही, ओरडली नाही. मायेनंच म्हणाली. मी पोळी खाल्ली आणि दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. बाईंनी विचारलंसुद्धा नाही. त्यांनाही सवय असणार.

आणि गेल्या रविवारी काय झालं? धाकटीचा सराव आणि मराठी शाळा एकाच वेळी आले. वर कोचनं सांगितलंय की तिचा हात चांगला आहे, हिवाळ्यात क्लबला घाला. म्हणजे शनिवार-रविवार गेले, गाडीत तासन् तास, पैसे वेगळे. पुढच्या वर्षी गणिताचा वरचा वर्ग आहे. मराठी शाळा सुटली तर ती आजीशी कशात बोलणार, हाही माझ्या जिवाला घोर आहेच, तो तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. मी तिचे शिन गार्ड धूत होते, त्यांचा वास हाताला लागलेला, ती डबा भरत होती, आणि माझ्या तोंडून आलं, "पुरे झालं गं आता."

शब्द न् शब्द तेच. चालसुद्धा तीच.

ती म्हणाली, "पण आई, मी तर आत्ताच सुरू केलंय."

घरात पुन्हा वाद झाला. या वेळी सासरे तिच्या बाजूनं उभे राहिले, हे मुद्दाम सांगायला हवं. ध्यानचंद कोण ते त्यांनी तिला महिनाभरात सांगितलंय, आणि तिनं त्यांना एरिन मॅटसन कोण ते. नवरा म्हणतो, एक वर्ष बघू. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाही म्हटलेलं नाही. मराठी शाळेच्या बाई इथेच बसल्या आहेत, त्यांच्याशी वेळेबद्दल बोलायचंय. क्लबचा फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय, तो फ्रिजवर लावलाय.

ती तिकडे तिसऱ्या रांगेत बसली आहे, परकर-पोलक्यात. ती टीम होती, हे तिला आत्ता तुमच्याबरोबरच कळलं. माझ्याकडे बघतेय. घरी जाताना गाडीत विचारेल.