५२-५६-६० मागण्याआधी पिचिंग वेजचा लॉफ्ट बघा

तुमच्या गोल्फ बॅगेतला पिचिंग वेज, म्हणजे जवळच्या फटक्यांचा क्लब, हातात घ्या. सोलवर, म्हणजे त्याच्या तळावर, 'पी' किंवा 'पीडब्ल्यू' लिहिलेलं असेल. आता सांगा, त्याचा लॉफ्ट, म्हणजे बॉलला लागणारा फेस मागे कललेला असतो तो कोन, किती अंश?

हा आकडा फार थोड्या लोकांना माहीत असतो, आणि वेजची खरेदी तिथेच फसते. दुकानात जाऊन '५२, ५६, ६० द्या' म्हणायची सवय जुनी आहे. तेव्हा पिचिंग वेज ४८ अंशांच्या आसपास असायचा. ४८, ५२, ५६, ६०, अशा चार-चार अंशांच्या पायऱ्या पडायच्या. आज नवशिक्या आणि मधल्या हँडिकॅपच्या खेळाडूंसाठी (हँडिकॅपचा आकडा जितका मोठा तितका खेळ कच्चा) जे कॅव्हिटी-बॅक, म्हणजे मागून पोकळ केलेल्या हेडचे सेट येतात, त्यात पिचिंग वेज ४३-४४ अंशांचा असतो, काही सेटमध्ये ४१ चासुद्धा. म्हणजे पूर्वीच्या नऊ नंबरच्या आयर्नइतका किंवा त्याहून उभा फेस. यात फसवणूक नाही. या हेड्सचं वजन खाली असतं, बॉल आपोआप उंच उडतो, म्हणून लॉफ्ट कमी करून अंतर वाढवलेलं असतं. पण क्लबवरचं अक्षर तेच राहिलं आणि त्यामागचा आकडा बदलला.

परिणाम बघा. पिचिंग वेज ४३ चा आणि पुढचा वेज ५२ चा, मधे नऊ अंशांची दरी. समजा तुमचा पिचिंग वेज हवेतून ११५ यार्ड जातो आणि ५२ चा वेज ९०. मग १०२ यार्डावर उभे राहिलात की करणार काय? पिचिंग वेज हळू मारायचा, नाहीतर ५२ वर जीव काढायचा. दोन्हीत फटका चुकतो. आणि मधल्या हँडिकॅपच्या माणसाला ९० ते ११५ यार्डांमधला फटका प्रत्येक राउंडला येतोच.

म्हणून आधी लॉफ्ट शोधा. बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलचा तक्ता असतो. सेट जुना असेल किंवा कुणाकडून घेतलेला असेल तर क्लब दुरुस्त करणाऱ्याकडे लॉफ्ट आणि लाय (शाफ्टचा जमिनीशी कोन) मोजायचं मशीन असतं, त्यावर मोजून घ्या. छापील आकडा आणि प्रत्यक्ष क्लब यात एखाद्या अंशाचा फरक निघू शकतो.

आता बॅग मोजा. नियमानुसार कमाल १४ क्लब. ड्रायव्हर, ३-वुड, ५-वुड, ४-हायब्रिड, ५ ते ९ आयर्न, पिचिंग वेज आणि पटर, हे झाले ११. उरले तीन. (पंधरावा चुकून बॅगेत राहिला तर स्ट्रोक प्लेमध्ये ज्या ज्या होलला तो सोबत होता त्या प्रत्येकी दोन स्ट्रोकचा दंड, राउंडमध्ये जास्तीत जास्त चार. नवे वेज 'करून बघायला' बॅगेत टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.)

तीन जागा असतील आणि पिचिंग वेज ४३ चा असेल तर ४८, ५३, ५८. दर पायरीला पाच अंश. पिचिंग वेज ४६ चा असेल तर ५०, ५४, ५८. दोनच वेज घ्यायचे असतील तर ५१ आणि ५६, आणि उरलेल्या जागी एखादा हायब्रिड. पायरी चार ते सहा अंशांची ठेवा. चारपेक्षा कमी झाली तर दोन क्लब जवळपास सारखंच अंतर देतात आणि एक जागा वाया जाते.

पिचिंग वेजनंतरचा क्लब शक्यतो तुमच्या सेटमधलाच घ्या. त्याला गॅप वेज म्हणतात. कुणी त्यावर 'ए' लिहितं, कुणी 'जी', पिंगच्या बऱ्याच सेटवर 'यू' असतं. हा क्लब तुम्ही बहुतेक वेळा पूर्ण स्विंगने मारणार, म्हणून त्याचं हेड आणि शाफ्ट आयर्नसारखंच असलेलं बरं. चिपिंगसाठी (ग्रीनजवळचे छोटे फटके), बंकरसाठी, फेस उघडून, म्हणजे आकाशाकडे वळवून मारण्यासाठी जे वेज लागतात तेच वेगळे विकत घ्यायचे.

लॉफ्ट हा सोपा भाग होता. आता बाउन्स.

[कॅमेरा वेजच्या सोलवर]

वेज जमिनीवर टेकवा, शाफ्ट सरळ उभा ठेवा. फेसची पुढची धार जमिनीपासून किंचित वर दिसते, कारण सोलचा मागचा भाग तिच्यापेक्षा खाली उतरलेला असतो. जमीन आणि सोलचा तो उतार यांच्यामधला कोन म्हणजे बाउन्स. साधारण ४ ते ६ अंश कमी, ७ ते १० मध्यम, त्यावर जास्त. व्होकी या ब्रँडच्या वेजवर '५६.१० एस' असं कोरलेलं दिसेल. ५६ लॉफ्ट, १० बाउन्स, आणि 'एस' म्हणजे सोल कसा घासला आहे त्याचं नाव.

लहानपणी तळ्यात चपट्या दगडाने भाकऱ्या काढल्या असतील. दगडाचं पोट पाण्यावर आपटलं तर तो उसळून पुढे जातो, कड खाली गेली तर बुडतो. बाउन्स म्हणजे वेजचं पोट. ते जमिनीला लागलं तर क्लब सरकतो. बाउन्स कमी असेल आणि धार आधी लागली तर क्लब कुदळीसारखा रुततो, आणि बॉल चार हात पुढे जाऊन पडतो.

अमेरिकन गोल्फपटू जीन साराझेनने १९३२ मध्ये प्रिन्सेस गोल्फ क्लबवर ब्रिटिश ओपन जिंकली ती याच कल्पनेच्या जोरावर. त्याने सोलच्या मागच्या बाजूला वितळलेला धातू चढवून ती जाड केली, म्हणजे वाळूत धार घुसण्याआधी पोट लागेल. आजचा सँड वेज तिथून आला.

पण छापलेला बाउन्स आणि फटक्याच्या क्षणी मिळणारा बाउन्स वेगळे असतात. बॉल लागताना हात पुढे असतील आणि शाफ्ट ६ अंश पुढे झुकला असेल, तर १० चा बाउन्स ४ वर येतो. फेस उघडलात तर तो वाढतो. म्हणून दुसऱ्याचा वेज बघून आपला घेऊ नका. तुमचे डिव्हॉट, म्हणजे फटक्याबरोबर उडणारे गवत-मातीचे तुकडे, बघा. ताटलीएवढी खोल ढेकळं निघत असतील तर १० ते १४ बाउन्स आणि रुंद सोल. गवत नुसतं झाडल्यासारखं होत असेल तर ६ ते ८.

आता मुंबई-पुण्याकडचा घोळ. जून ते सप्टेंबर फेअरवे चिखलासारखा मऊ. तिथे जास्त बाउन्स हवा, नाहीतर प्रत्येक चिप बॉलच्या मागे रुतते. पण त्याच दिवसांत बंकरमधली वाळू भिजून घट्ट बसलेली असते. जास्त बाउन्सचा वेज तिच्यावरून उसळतो, धार बॉलच्या पोटात बसते आणि बॉल ग्रीनच्या पलीकडे. एप्रिल-मेमध्ये नेमकं उलटं. जमीन टणक, गवत तुरळक, तिथे जास्त बाउन्स उसळून फटका थिन, म्हणजे धारेने बॉलच्या मध्यावर लागतो. आणि बंकरमधली कोरडी, भुसभुशीत वाळू मात्र जास्त बाउन्स मागते.

म्हणजे वर्षभर चालेल असा एक आकडा नाही. उपाय एकच: सगळ्यात जास्त लॉफ्टचे दोन वेज एकाच बाउन्सचे घेऊ नका. ५४ किंवा ५६ चा १२ ते १४ बाउन्सवर घ्या, ५८ चा ६ ते ८ वर. पावसात चिप ५४-५६ ने आणि ओल्या बंकरमधून ५८ ने, उन्हाळ्यात याच्या उलट. एकच सँड वेज घेणार असाल तर १० च्या आसपासचा, आणि त्याची टाच घासलेली असेल असा बघा. टाचेकडचा धातू काढलेला असला की फेस उघडल्यावर धार फार वर उचलली जात नाही. ग्राइंडची, म्हणजे सोल घासण्याच्या प्रकारांची नावं दहा-बारा असतील, पण सुरुवातीला एवढंच तपासा: मागची कड आणि टाच घासलेली आहे, की सोल पूर्ण आहे? फेस कधीच उघडत नसाल तर पूर्ण सोल तुम्हाला जास्त सांभाळून घेईल.

६० चा लॉब वेज? हँडिकॅप १५ च्या वर असेल तर घेऊ नका. तुम्हाला मारता येणार नाही असं नाही. पण पूर्ण स्विंगने त्यावर अंतर कधी सारखं येत नाही, आणि उंच गवतात क्लब बॉलच्या खालून निघून जातो, बॉल जागच्या जागी वर उडतो. ५८ वर फेस थोडा उघडला की बरंचसं काम होतं. याच खेळाडूंसाठी कॅव्हिटी-बॅक वेजही असतात, क्लीव्हलँडचे सीबीएक्स त्यातले. टीव्हीवर दिसत नाहीत म्हणून कमी समजू नका. टोकाकडे लागलेला फटका ते बरा सावरतात.

घेण्याआधी करून बघायचंच. रेंजच्या चटईवर बाउन्स कळत नाही, कारण बॉलच्या मागे लागलेला क्लबही चटईवरून सरकतो आणि फटका छान वाटतो. गवतावरच मारा. सोलवर कागदी चिकटपट्टी लावा, दहा फटके मारा आणि पट्टी कुठे फाटली ते बघा. धारेजवळ फाटली तर बाउन्स कमी पडतोय. मागच्या कडेला फाटली तर जास्त आहे. मधोमध फाटायला हवी. अंतर मोजताना रेंजचे झिजलेले बॉल वापरू नका, ते कमी जातात. स्वतःचे दहा मारा, सगळ्यात वाईट दोन सोडा, आणि जमिनीवर पहिला टप्पा कुठे पडला तेवढंच मोजा. आणि हो, ओल्या गवतात फेस आणि बॉलमध्ये पाणी येतं, स्पिन घटतो, बॉल उंच निघतो. जुलैत घेतलेले आकडे डिसेंबरला चालणार नाहीत.

हवा तो लॉफ्ट मिळाला नाही तर वाकवून घेता येतो, पण दोन अंशांपलीकडे नको. लॉफ्ट जितका कमी कराल तितकाच बाउन्सही कमी होतो. ५६ लॉफ्ट, १० बाउन्सचा क्लब ५४ वर आणला की बाउन्स ८ राहतो. फोर्ज केलेली (ठोकून घडवलेली) हेड्स सहज वाकतात. कास्ट केलेल्यांबाबत (साच्यात ओतलेल्या) आधी विचारून घ्या.

शाफ्ट आयर्नइतक्याच वजनाचा किंवा थोडा जड. ग्रॅफाइटच्या आयर्नसोबत १३० ग्रॅमचा स्टील शाफ्ट असलेला वेज घेतला की तोच क्लब परका वाटतो. दुकानात तयार मिळणाऱ्या बहुतेक वेजमध्ये असाच जड स्टील शाफ्ट असतो, तेव्हा विचारा.

वापरलेला वेज घेत असाल तर सोलवरच्या ओरखड्यांकडे बघू नका. फेसच्या खालच्या तीन-चार ग्रूव्हजमधून (आडव्या खाचांमधून) नख फिरवा. कड नखाला अडकली पाहिजे. नुसतं घसरलं तर स्पिन गेलेला आहे. व्होकी बनवणारे साधारण ७५ राउंडनंतर वेज बदलायला सांगतात. ते विकणाऱ्याचं मत आहे, त्यामुळे राउंड मोजत बसण्यापेक्षा नखावर भरवसा ठेवा. मुंबईच्या हवेत मुलामा नसलेल्या वेजवर गंज चढतो, त्याची काळजी नको. ग्रूव्हमध्ये अडकलेली सुकी माती मात्र प्रत्येक फटक्यानंतर टीने काढा, कारण भरलेला ग्रूव्ह झिजलेल्या ग्रूव्हसारखाच वागतो.