कम्युनियनच्या रांगेत जायचं की नाही, हे ठरवायचं कोणी?

नमस्कार मंडळी. आजचा विषय ठाण्यातल्या नि नवी मुंबईतल्या आपल्या बऱ्याच कॅथलिक घरांत आहे, पण त्यावर बोलत कोणी नाही. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चालू आहे, कम्युनियनची, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी पवित्र भाकर घ्यायची वेळ झाली, अख्खा बाक उठला, आणि एक जण पाय बाजूला घेऊन सगळ्यांना वाट करून देतो नि स्वतः बसून राहतो. मागून कुजबुज सुरू. ‘ही का नाही गेली?’ किंवा उलटं, ‘ही कशी गेली, हिचं तर कोर्ट मॅरेज झालंय ना?’ तर या दोन्ही प्रश्नांचं उत्तर देणं हे मागच्या बाकाचं कामच नाही, आणि हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये, चर्चचा कायदाच तसा आहे.

१९८३ चा जो कॅनन लॉ, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्याचं पुस्तक आहे, त्यात दोन कलमं शेजारी शेजारी आहेत, ९१५ आणि ९१६, आणि लोक ती एकत्र कालवतात. ९१५ हे कम्युनियन देणाऱ्यासाठी आहे. ज्याला चर्चने बहिष्कृत केलंय, किंवा जो सगळ्यांना उघड माहीत असलेल्या गंभीर पापात हट्टाने राहतोय, त्याला देऊ नये. बघा, पाप गंभीर पाहिजे, उघड पाहिजे आणि हट्टही पाहिजे, म्हणून नुसत्या संशयावर फादर कोणाला रांगेतून परत पाठवू शकत नाहीत, आणि कन्फेशनमध्ये, म्हणजे पापनिवेदनात, ऐकलेल्या गोष्टीवरून तर मुळीच नाही. ९१६ हे तुमच्या-माझ्यासाठी. आपल्या हातून गंभीर पाप झालंय हे ज्याला ठाऊक आहे त्याने आधी पापनिवेदन करावं, मग कम्युनियन घ्यावं. इथे तपासणारे तुम्हीच. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय काढा, तिथे हेच आहे, माणसाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी.

उपवासाचं पटकन सांगते. कम्युनियनच्या आधी एक तास, मिस्साच्या आधी नाही. पाणी नि औषध चालतं. म्हातारी माणसं, आजारी माणसं आणि त्यांची सेवा करणारे यांना हा नियम लागूच नाही, त्यामुळे डायबेटिस असलेल्या आजीला उपाशी ठेवू नका.

आता गंभीर पाप म्हणजे काय, कारण खरा घोळ इथे आहे. तीन गोष्टी एकत्र लागतात, बाब गंभीर असणं, ती गंभीर आहे हे माहीत असणं, आणि तरी मोकळेपणी, जाणूनबुजून ती करणं. रविवारची मिस्सा उगाच बुडवणं गंभीर आहे, पण बाळ तापाने फणफणलंय किंवा तुम्ही नर्स आहात आणि ड्युटी लागलीय तर ते पापच नाही, आणि शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून चालते. तरी अशा बायका मी बघते, अपराधी वाटून मागे राहतात. सासूशी वाजलं, ट्रेनमध्ये कोणावर ओरडले, एवढ्यावरून मागे राहतात. अहो, अशा लहान पापांची माफी आपण मिस्साच्या सुरुवातीलाच मागतो, आणि कम्युनियननेच ती धुतली जातात असं चर्च शिकवतं. रांगेत जायच्या आधी सगळेच म्हणतात ना, प्रभो, तू माझ्या घरी यावंस एवढी माझी योग्यता नाही? ते फादरही म्हणतात.

मग विवेकबुद्धी कुठे आली? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये म्हटलं की ती माणसाचा सगळ्यात आतला गाभारा आहे, तिथे तो एकटा देवासोबत असतो. आणि जे खात्रीने बरोबर वाटतं त्याच्या विरुद्ध वागू नये असंही चर्च शिकवतं. पण ‘मला तर यात काही वाटत नाही’ म्हणजे विवेकबुद्धी नव्हे. ती चुकू शकते, तिला वळण लावावं लागतं, वचन वाचून, चर्चचं म्हणणं समजून घेऊन, जाणत्या माणसाशी बोलून. माझं स्पष्ट मत आहे, नियम ऐकूनच न घेता ‘माझं मन साफ आहे’ म्हणणं हा आळस आहे, आणि नियम पाठ करून दुसऱ्याचं मन मोजत बसणं हा त्याहून मोठा दोष आहे.

आता आपल्याकडचा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. मुलगी कॅथलिक, मुलगा हिंदू, दोघं ऐरोलीत नाहीतर घणसोलीत राहतात, घरच्यांचा विरोध म्हणून रजिस्टर लग्न केलं. चर्चच्या हिशेबी ते लग्न वैध धरलं जात नाही, म्हणून तिला कम्युनियन घेता येत नाही, आणि वर्षानुवर्षं तिला वाटतं की आता दार कायमचं बंद. तसं नाहीये! बिशपांची परवानगी घेऊन चर्चमध्ये पुन्हा वचन देता येतं. नवऱ्याला बाप्तिस्मा घ्यायची गरज नाही. मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवायला मी जमेल तेवढं करीन असं वचन ती देते, आणि नवऱ्याला फक्त त्या वचनाची कल्पना दिली जाते. आणि नवरा पुन्हा विधी करायलाच तयार नसेल तर कलम ११६१ आहे, ज्यात त्याने पुन्हा होकार न उच्चारताही बिशप ते लग्न मुळापासून वैध करू शकतात, मात्र दोघांचा संसार टिकवायचा इरादा कायम असला पाहिजे. नवऱ्याला किंवा सासरच्यांना मिस्साला जरूर आणा, पण त्यांनी कम्युनियन घ्यायचं नसतं हे घरून निघतानाच प्रेमाने सांगा, रांगेत अवघडायला होत नाही.

नुसता घटस्फोट झालाय, दुसरं लग्न नाही? तर घटस्फोट झाला एवढ्यावरून कम्युनियन बंद होत नाही. हे मोठ्याने सांगा लोकांना, कारण नवऱ्याने टाकलेल्या बाईला आपलीच माणसं वेदीपासून लांब ठेवतात आणि मला ते बघवत नाही.

दुसरं लग्न झालेल्यांचं मात्र अवघड आहे. पहिलं लग्न चर्चच्या कोर्टाने रद्दबातल ठरवलं असेल तर वाट मोकळी असते. नसेल तर १९८१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी सांगितलं की एकत्र राहणं भाग असेल, तर पती-पत्नीचे संबंध न ठेवता राहिलात तर कम्युनियन घेता येईल. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस म्हणाले की प्रत्येकाची परिस्थिती वेगळी, फादरांसोबत बसून नीट पारखा, काही वेळा कन्फेशन, कम्युनियन अशा संस्कारांचीही मदत होऊ शकते. त्यावर कार्डिनलांमध्येही, म्हणजे पोपनंतरच्या सर्वांत वरच्या धर्मगुरूंमध्येही, वाद झाला, चौघांनी पोपना लेखी प्रश्न पाठवले. त्यामुळे या बाबतीत यूट्यूबवर, माझ्याही, विसंबून निर्णय घेऊ नका.

चर्चच्या ऑफिसात फोन करा, फादरांची वेळ घ्या, बाप्तिस्म्याचा दाखला नि लग्नाचं सर्टिफिकेट सोबत न्या. आणि कृपा करून तुमची स्वतःची गोष्ट या व्हिडिओखाली नावगावासकट लिहू नका, इथे कोणीही वाचतं. कन्फेशनमध्ये सांगितलेलं फादर कोणालाच सांगू शकत नाहीत, अगदी बिशपांनाही नाही.