धरणाचा आकडा आणि यंत्राची बातमी

पावसाळ्यात पुण्यात रोज लागणारी एक बातमी घेऊ: खडकवासला साखळीतल्या चार धरणांत पाणी किती? वाक्यांचा साचा ठरलेला, आकडे तक्त्यात आयते. बातम्या आपोआप लिहिणाऱ्या यंत्राकडे सोपवायला याहून सोयीची बातमी मिळणं कठीण.

चारही धरणांची उपयुक्त साठवण क्षमता मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. वरसगाव १२.८२, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला जेमतेम १.९७. समजा, खडकवासला १०० टक्के भरलंय, पानशेत आणि वरसगाव ६० टक्के, टेमघर ४० टक्के. साचा लिहिणाऱ्यानं चारही टक्केवारींची सरळ सरासरी काढली, तर उत्तर येतं ६५. पाणी मोजलं तर भरतं १७.५४ टीएमसी, म्हणजे ६० टक्के. फरक १.४१ टीएमसीचा. खडकवासला पाऊण भरायला थोडंच कमी पडेल, एवढं पाणी बातमीत फुकट वाढलं! आणि वाक्य मात्र व्याकरणाला धरून, म्हणून उपसंपादकाची नजर तिथे अडखळत नाही.

जगात गाजलेल्या चुकाही याच जातीच्या आहेत. २०१५ च्या जुलैत असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या स्वयंचलित बातमीनं नेटफ्लिक्सचा शेअर वर्षाच्या सुरुवातीपासून ७१ टक्के पडल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात भाव दुपटीहून वर गेला होता. एका शेअरचे सात झाले होते आणि ते विभाजन हिशेबात आलंच नव्हतं. २०१७ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिस टाइम्सच्या ‘क्वेकबॉट’नं, म्हणजे भूकंपाच्या बातम्या आपोआप लिहिणाऱ्या प्रोग्रॅमनं, सांता बार्बराजवळ ६.८ तीव्रतेचा भूकंप झाल्याची बातमी दिली. तो भूकंप १९२५ चा. जुन्या नोंदीतलं ठिकाण दुरुस्त करताना अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेकडून चुकून भूकंपाची सूचना सुटली, आणि तिच्यावर वर्ष पडलं होतं २०२५. तारीख आजच्या पुढची असेल तर थांब, एवढी एक ओळ साच्यात असती तरी ती बातमी अडली असती.

म्हणून वाक्यरचनेच्या आधी चाळणी बसवा. तक्ता आजचाच आहे का? साठा क्षमतेपेक्षा जास्त दिसतोय का? कालच्या आणि आजच्या साठ्यातला फरक त्या दिवसाच्या पावसाशी आणि विसर्गाशी जुळतो का? सगळ्यात घात करतो तो रिकामा रकाना. टेमघरच्या पावसाची नोंद आली नाही आणि यंत्रानं तिथे शून्य धरलं, तर भर आषाढात ‘टेमघरला पाऊस नाही’ असं छापून येतं. ‘नोंद नाही’ आणि ‘पाऊस नाही’ यांची वाक्यं वेगळीच हवीत.

मराठीचा पेच निराळा. इंग्रजी साच्यात गावाचं नाव आहे तसं बसतं. आपल्याकडे खडकवासल्यातून, पानशेतमधून, वरसगावातून. साठा एका टक्क्यानं वाढतो, पण पाच टक्क्यांनी. ही रूपं नियमानं घडवण्याच्या भानगडीत पडू नका. धरणं चारच आहेत. प्रत्येकाची रूपं हातानं लिहून कोष्टकात ठेवा. तासाभराचं काम आहे.

विसर्गाच्या बातमीला मात्र माणसाची संमती सक्तीची ठेवा, असं माझं ठाम मत आहे. मुठेत किती क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी सोडलं यावर नदीकाठची घरं आवरायची की नाही, हे ठरतं. तिथे एक शून्य जास्त पडलं तर लोक रात्री सामान उचलतात, कमी पडलं तर झोपून राहतात. आकडा पाटबंधारे विभागाच्या पत्रकाशी ताडून, कितीपासून किती केला आणि किती वाजता, हे तिन्ही तपासूनच बटण दाबावं. आणि प्रत्येक बातमीमागे ती कोणत्या तक्त्यावरून, किती वाजता बनली याची नोंद जपावी. चूक निघाली की त्याच तक्त्यावरून गेलेला मोबाइलवरचा संदेशही शोधून दुरुस्त करता येतो.